ठेसनबाबा

बंडूजी आमच्या ठेसनावर रेल्वेचा खलाशी, म्हणजे हरकाम्या होता. ठेसन म्हणजे एक खोली, एक निंब आणि आर्वीकडे जाणारी छोटी गाडी. गार्डाचा जेवणाचा डबा गावातून जायचा. भाकरीला उशीर झाला की गाडीलाही उशीर.

पुढे गाडी बंद झाली. बंडूजीची बदली झाली, तो गेला नाही. ब्रॉडगेजची मोठी लाईन होईल, गाडी परत येईल, तोवर ठेसन कोण सांभाळणार? आमचं गाव तर ठेसनावर तुटूनच पडलं. दारं गेली, टिनं गेली. फलाटाच्या फरश्या कोणाकोणाच्या न्हाणीत आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कोणी नाही. बंडूजी लोकांच्या पाया पडला, शिव्या देऊन पाहिल्या. शेवटी एका शनिवारी त्यानं तिथल्या मैलाच्या दगडाला शेंदूर फासला, नारळ फोडला आणि देव स्वप्नात आला म्हणून बोंब ठोकली. चोरी त्या दिवशी थांबली. देवाघरची वीट कोण उचलणार?

हळूहळू ठेसनबाबा नवसाला पावू लागले. थेट अल्लीपूरहून माणसं यायची. बंडूजी मिशीत हसायचा.

गेल्या साली मोठ्या लाईनचे मोजणीवाले खरंच आले, आणि त्यांची खुंटी नेमकी बाबाच्या पुढ्यात ठोकली गेली. गाव पेटलं. साहेब म्हणाले, "भांडण नको, लाईन वळवून नेऊ. स्टेशन पलीकडच्या गावाला होईल." बंडूजी हादरला. ज्या गाडीसाठी जन्म काढला, ती त्याच्याच शेंदरानं अडवली होती.

तो सभेत उभा राहिला. "बापहो, तो देव नाई, मैलाचा गोटा हाये. तुमी ठेसन चोरून राह्यलते, म्हून मीच रंगवला."

कोणी चिडलंसुद्धा नाही. त्याच्याच वयाचा तानबा म्हणाला, "देवानंच तुह्या हातून करवून घेतलं ना, बाप्पा!" लोकांनी माना डोलावल्या. मला इतका राग आला की मी उठून घरी आलो.

आमची आणि बंडूजीची भिंत एकच. थोड्या वेळानं पलीकडून त्याच्या बायकोचा, शालूबाईचा, आवाज आला. लग्नानंतर कित्येक वर्षं तिला मूल नव्हतं; बाबाला नवस केला तेव्हा मुलगी झाली, आचल.

"खरंच गोटा होता?"

"हो."

"मी उपाशी, अनवाणी फेऱ्या मारत होती. तुमी पाहून राह्यलते. तवा काऊन नाई बोलले?"

बंडूजीला बिचारा म्हणावं तर माझी जीभ रेटत नव्हती.

लाईन वळली. त्या शनिवारी शालूबाईनं शेंदराची वाटी नवऱ्याच्या हातात ठेवली. "चला. आता दर शनिवारी तुमीच लावा. माही पोरगी तिकडं सासरी हाये, तिले काई झालं नाई पाह्यजे."

बंडूजी अजून लावतो. पलीकडच्या गावात फलाटाचं काम सुरू झालं आहे.