शबानाच्या नावाची सही

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, आणि जिच्यापुढे जगाची गाऱ्हाणी मांडते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? काय माहीत. गळ्याशी आलंय, एवढंच.

आमच्या साहेबांचं नाव दिल्लीत कायदामंत्रिपदासाठी पुढे आलंय, हे तुम्ही वाचलंच असेल. उदगीरच्या कोर्टात वकिली केलेला माणूस देशाचं कायदा खातं सांभाळणार, म्हणून इकडे नांदेड-लातूरला बॅनर लागले. आणि चारच दिवसांत एक जुनं प्रतिज्ञापत्र वर आलं. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोत्यांची थप्पी अंगावर येऊन एका हमालाचा पाय गेला होता. त्यानं व्यापाऱ्याविरुद्ध तक्रार केली. व्यापारी साहेबांचा अशील. मग 'माझी काही तक्रार नाही' असा हमालाच्या नावाचा, अंगठ्याचा कागद कोर्टात गेला. हमाल पुढे म्हणाला, मी तर कोर्टाची पायरीच चढलो नाही. आता विरोधक विचारतात, असा माणूस कायदामंत्री कसा? साहेब म्हणतात, ज्युनिअर मुलीची चूक होती, तिला तेव्हाच दूर केलं.

ती ज्युनिअर शबाना. साहेबांच्या ऑफिसातली दुसरी ज्युनिअर मी.

कशी सांगू शबाना? तिच्या अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. आम्हा दोघींचे काळे कोट त्यांनी एकाच ताग्यातून शिवले, आणि माझ्या कोटाला आतून एक चोरखिसा जास्त ठेवला, कारण मी सारखी पेन हरवायची. दुपारी बार रूमच्या मागच्या लिंबाखाली आमचे डबे उघडायचे. तिची अंबाड्याची भाजी मी संपवायची, माझं पिठलं ती नावं ठेवत खायची. पुढे दोघींचं ऑफिस काढायचं, पाटीवर नावं कुठल्या क्रमानं लावायची यावरून आम्ही भांडलोसुद्धा होतो. ऑफिसचा पत्ता नाही आणि पाटीवरून भांडण! तसलं भांडण करायला पुन्हा कुणी मिळालं नाही मला. मिळेल असंही वाटत नाही.

तर — सही. प्रतिज्ञापत्राखाली वकिलानं सही करायची असते, की या माणसाला मी ओळखतो, तो माझ्यासमोर आहे. रोज वीस-पंचवीस कागद. कोण कुणाला ओळखतंय? शबाना दुसऱ्या कोर्टात अडकली की तिच्या कागदावर तिची सही मी ठोकायची, मी अडकले की माझी ती. तिच्या सहीतल्या 'श'ची गाठ मला तिच्यापेक्षा नीट जमायची. ती हसायची, म्हणायची, माझ्या निकाहनाम्यावरबी तूच कर.

हमालाचा कागद साहेबांनी माझ्या हातात दिला, त्या दिवशी ती उदगीरमध्ये नव्हती. बहिणीच्या लग्नाला बिदरला गेली होती. मी तिची सही केली. इतकी वर्षं मी मनाला सांगत आले, सवय होती, हात आपोआप वळला.

पण तसं नव्हतं. तो कागद माझा होता, तिचा नव्हे. माझीच सही करायची होती. अंगठा आधीच उठवलेला होता, समोर कुणी नव्हतं, आणि साहेब माझ्याकडे न बघता फाइल चाळत होते. कागद खोटा आहे हे मला कळलं. कळलं, म्हणून मी माझं नाव टाळलं आणि तिचं घातलं. इतकं साधं आहे हे.

पुढे कोर्टानं विचारलं, ही सही कुणाची? शबानानं कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मी नजर फाइलमध्ये घातली. ती म्हणाली, माझी. बिदरला होते एवढं म्हणाली असती तरी सुटली असती. पण मग पुढचा प्रश्न माझ्यापर्यंत आला असता. साहेब सगळं जाणून गप्प राहिले. तारखांवर तारखा पडून हमालाची तक्रार विझली. खोट्या कागदाचा ठपका येऊन शबानाची वकिली सुटली. कोट घडी करून पिशवीत भरताना ती मला एवढंच बोलली, "मला वाटलं तू बोलशील. तीन दिवस वाट बगितली मी."

ती देगलूरला दिली. मी आता नांदेडला असते, इथून बस दर तासाला आहे. मी कधी गेले नाही.

परवा एका वार्ताहराचा फोन आला. मी म्हणाले, फार जुनी गोष्ट, आठवत नाही. नांदेडच्या सरकारी वकिलाच्या जागेसाठी साहेबांनी माझं नाव सुचवलंय, हेही तुम्हाला सांगायला हवं. काल तोच वार्ताहर देगलूरला पोचला. टीव्हीवर शबाना दिसली. केस पिकलेत, चष्मा लागलाय, मान मात्र तशीच ताठ. माइक पुढे धरला तर म्हणाली, "सही माझीच हाय. अजून काय पायजे?" आणि दार लावून घेतलं.

मी टीव्हीसमोर बसून राहिले. तिला हाक मारावीशी वाटली, वेड्यासारखी, मोठ्यानं.

आज सकाळी कोऱ्या कागदावर तिची सही करून बघितली. गाठ अजून बरोबर पडते. तिच्या खाली लिहिलं, हमालाच्या प्रतिज्ञापत्रावर ही सही मी केली, शबाना त्या दिवशी बिदरला होती, आणि साहेबांना ते माहीत होतं. मग माझी सही केली. कागद वार्ताहराकडे पोचता केला. शबानाला फोन केला नाही. तिचं वाट बघून झालं आहे.