दोन वर्षांचा अनुभव, शिक्क्यासह

आमच्या घरी देव्हाऱ्याच्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे असत. हुंडा, कॉपी, देवदेवस्की, खोटे दाखले यांच्याविरुद्धची. बाबा ती पत्रकं भाजीच्या टोपल्यांसोबत रिसोडच्या बाजारात न्यायचे आणि मेथीच्या जुडीबरोबर गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. मी अक्षरं त्यांवरच शिकले. एकोणिसाव्या वर्षी खोट्या दाखल्यांविरुद्धचं पत्रक मी स्वतः लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: 'खोटा शिक्का म्हणजे खऱ्या माणसाच्या पोटावर पाय.' बाबांनी ते भर बाजारात उभं राहून वाचलं होतं.

इंग्रजीत एम. ए. झाले आणि घरी बसले. शाळांत जागा नव्हत्या. होत्या तिथे आधीच कुणाचा तरी भाचा बसलेला होता. मग व्हिएतनाममधल्या एका शिकवणी केंद्राची जाहिरात दिसली. लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं, अनुभवाची अट नाही. मुलाखत मोबाइलवर होती. घरात रेंज नसते, म्हणून मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावर बसून दिली. नमुना धडा घ्या म्हणाले, तेव्हा टोपलीतलं वांगं, गाजर, मिरची एकेक उचलून मी पलीकडच्या बाईंना शिकवलं. त्या हसल्या. छान, म्हणाल्या, आठवड्यात कळवतो.

आमच्याकडे पाहुण्यांनी पोहे खाऊन छान म्हटलं की सोयरीक जुळली असं धरतात. बाबांनीही तसंच धरलं. चौथ्या दिवशी आमच्या गावच्या, केनवडच्या थांब्यावर भाजीवाल्यांनी मिळून फ्लेक्स लावला. माझा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो, मागे विमान, खाली 'परदेशात इंग्रजीच्या प्राध्यापिकापदी निवड'. फ्लेक्सबाजीविरुद्धही आमचं एक पत्रक होतं. बाबा ते विसरले. मला आठवत होतं, तरी मी गप्प राहिले.

आठव्या दिवशी उत्तर आलं. धडा आवडला; पण इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचा पासपोर्ट हवा, नाहीतर शाळेत दोन वर्षं शिकवल्याचा दाखला. जाहिरातीतली सूट त्या देशांत जन्मलेल्यांसाठी होती. त्यांचा अनुभव जन्मातच धरलेला.

बाबा मला रिसोडच्या एका संस्थाचालकांकडे घेऊन गेले. मी त्यांना म्हणाले, मला दोन वर्षं बिनपगारी शिकवू द्या, मग दाखला द्या. ते मान हलवत हसले.

"जागा कुठी हाय बाई? दाखला पायजे तर आत्ता नेय. कालपर्यंतच्या तारखेचा देतो."

शिकवायला वर्ग नव्हता, शिकवल्याचा कागद मात्र चहा येईपर्यंत तयार झाला. शिक्का ओला होता. बाबांनी तो फुंकून वाळवला आणि भाजीच्या पिशवीत जपून ठेवला.

जीपने परतलो. थांब्यावर फ्लेक्सखाली उतरल्यावर मी म्हणाले, "बाबा, हा कागद मी पाठवत नाही."

"काहून?"

"पत्रक इसरले काय तुमी?"

"म्या नाई इसरलो. पण ते लोकाइसाठी होतं वं. हे तुयं हाय."

मला भांडायचं होतं. आयुष्यभराची सगळी पत्रकं एका वाक्यात रद्द केल्याबद्दल त्यांना तिथेच जाब विचारायचा होता. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. पलीकडच्या टपरीवरची माणसं आमच्याकडे बघताहेत का, हे बघत होते. बाजारात वाचायला उभा राहणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा घाबरलेला पाहिला.

मी केंद्राला कळवलं की अनुभव नाही. त्यावर उत्तर आलं नाही. इतर सात ठिकाणी अर्ज केले. सगळ्यांना तोच पासपोर्ट किंवा तोच दाखला हवा होता. आता मी बाबांसोबत बाजारात बसते. दाखला कोनाड्यात, पत्रकांच्या गठ्ठ्यावर पडून आहे. त्यांनी तो फाडला नाही, मीही फाडलेला नाही.

गेल्या बाजाराला फ्लेक्सवरचं विमान पाहिलेल्या एका म्हाताऱ्या गिऱ्हाईकबाईने सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडता निवडता विचारलं, "इमान कवा हाय वं तुयं?"

माझ्याआधी बाबाच बोलले. "पुढच्या मईन्यात."

दर बाजाराला ते हेच सांगतात. मी मान खाली घालून जुड्या बांधत राहते.