बुटावर ओतलेलं पाणी

साहेबांनी माझ्या हातातला तांब्या घेतला. प्यायले नाहीत. उजवा पाय जरा पुढे केला आणि पाणी बुटावर ओतलं. मग डाव्या बुटावर. केळीच्या बागेतून चालत आले होते, चिखल लागला होता. तांब्या रिकामा झाला तसा तो माझ्यापुढे धरला.

"अजून आण गं थोडं."

मी आणलं.

हे दोन शब्द लिहिताना आजही हात जड होतो. मी आणलं. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते, शहाद्याला कॉलेजात जात होते, घोषणा द्यायला शिकले होते, पत्रकं वाटत होते. आणि साहेबांचे बूट धुवायला दुसरा तांब्या भरून आणला. माय दारात उभी होती. पदर दातात धरून. ती हसत होती, कारण पाहुण्यासमोर हसायचं असतं.

बूट स्वच्छ झाल्यावर साहेबांनी पिशवीतून स्वतःची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि प्यायले. मग आमच्या घरात डोकावले. चुलीशेजारी हांडे होते, एकावर एक, चिंचेनं घासलेले. साहेबांनी पेनानं वरच्या हांड्यावर टिचकी मारली. भरलेला आवाज आला. सोबतच्या ग्रामसेवकाला म्हणाले, "लिहा. पाणी उपलब्ध."

पुढचं घर. तिथंही टिचकी. तिथंही भरलेला आवाज. अख्ख्या भिलाटीत, आमच्या भिल्लांच्या वस्तीत, एक हांडा रिकामा नव्हता.

आता तो भरलेला आवाज कुठून आला ते सांगते.

आमचं गाव म्हसावदच्या अलीकडे. गावाला टाकी आहे, नळ आहेत. पाइप वरच्या आळीतून येतो, मारुतीच्या पारापर्यंत येतो, नाल्यापर्यंत येतो. तिथं संपतो. नाल्याच्या पलीकडे आम्ही. पाइप नाला ओलांडून आणायचा की नाही, हे ठरवायला साहेबांचा तो सर्व्हे होता. एवढंच होतं. साहेबांनी आमच्या घरात पाणी नाही असं लिहिलं असतं, तर नळ आला असता.

आणि आदल्या दिवशी पंचायतीचा शिपाई सांगत फिरला, "उद्या पानीना साहेब ई ऱ्हायनात. घरंदारं झाडीझुडी ठेवा."

झालं. बायका उठल्या. शेतीची वीज पहाटे येणार होती. सरपंचबाईंच्या मालकांची, म्हणजे ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं त्यांची, केळीची बाग आमच्या बाजूलाच आहे. पाणी आम्ही तिथल्याच मोटारीवरून आणतो. एरवी एक खेप झाली की कुणीतरी हाकलतं. त्या पहाटे भाऊंनी कुणाला हाकललं नाही. बायकांनी खेपांवर खेपा केल्या. माझ्या मायनं केल्या. मी म्हटलं, "माय, पाणी नाही हेच तर दाखवायचंय ना?"

माय थांबलीसुद्धा नाही. "रिकामा हांडा देखी तं साहेब काय म्हनी? ह्या लोकेस्ना घरमा पानी बी नई शे?"

शेजारची मावशी हांडा कमरेवर घेऊन हसली. "पानी नई ऱ्हायनं तं साहेबले काय ताडी पाजशी का, पोरी?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग मीही दोन खेपा केल्या.

आमच्यात घरातलं कुणी वारलं की भांड्यांतलं पाणी ओतून टाकतात आणि हांडे पालथे घालतात. म्हणून एरवी पालथा हांडा दारात दिसला की म्हाताऱ्या ओरडतात. रिकाम्या हांड्याचं घर म्हणजे मयताचं घर. पाहुणा येणार आणि घर मयताचं दिसणार, हे कोण सहन करेल? भाऊंना हे माहीत होतं. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्यांच्या शेतात आहोत. आमची लाज त्यांना आमच्याइतकीच पाठ आहे.

ग्रामसभा भरली. आम्ही बायका कडेला, चपलांच्या जवळ. ग्रामसेवकानं अहवाल वाचला. गावाची लोकसंख्या, गावाला मिळणारं पाणी, एकाला दुसऱ्यानं भागलं, आणि माणशी पाणी सरासरीनं पुरेसं. पलीकडच्या वस्तीत प्रत्यक्ष पाहणी केली, घरोघर साठा आढळला. वाढीव पाइपची सध्या गरज नाही.

मी उभी राहिले. पत्रकात लिहिते तशी वाक्यं तयार होती. "आमच्याकडे एकही नळ नाही. आम्हाला सरासरीत का धरता?"

भाऊंनी खुर्चीतूनच मान वळवली. चिडले नाहीत. लाडानं बोलले. "अवं पोरी, तूच तं पानी दिधं साहेबले. पेवाले नई, बूट धोवाले! बूट धोवाले पानी शे अन् पेवाले नई शे का?"

सभा हसली. वरच्या आळीची हसली, खुर्च्यांवरची हसली, ग्रामसेवक खाली बघून हसला. आमच्यातलेही एक-दोघं हसले, सवयीनं.

"अन् मोटारवरतून फुकट भरतस तुमी. मी कधी नई म्हनं का?"

इतकी पत्रकं वाटली, इतक्या घोषणा दिल्या, आणि एक वाक्य सुचेना. मी बसले. मायकडे बघितलं. तिनं पदर कपाळाच्या खाली ओढला होता. तोंड दिसत नव्हतं.

मला साहेबांच्या बुटाची लाज वाटली नाही तेवढी त्या पदराची वाटली. माझ्या मायनं पहाटे डोक्यावर आणलेलं पाणी तिच्याच विरुद्ध साक्षीदार म्हणून उभं केलं होतं. आणि ते पाणी तांब्यात भरून द्यायला मी होते.

कित्येक दिवस मी त्या बागेच्या वाटेनं गेले नाही. लांबून वळसा घालून एसटीच्या थांब्यावर जायची. कॉलेजातली पोरं विचारायची, "काय साथी, नवीन पत्रक कधी?" मी काही सांगायची नाही. मोर्च्यात ओरडणारी पोरगी सभेला हसवणाऱ्या एका माणसापुढे मुकी झाली, हे कसं सांगणार?

कॉलेजात संख्याशास्त्राचा तास चालू होता. मी मागच्या बाकावर. हा विषय मला कधी आवडला नव्हता. पास होण्यापुरता करायचा, असं चाललं होतं. सर नमुना म्हणजे काय ते सांगत होते. सगळं मोजता येत नाही, म्हणून थोडं मोजायचं आणि त्यावरून सगळ्याचा अंदाज करायचा. तो थोडा भाग कसा निवडला, कधी निवडला, त्यावर सगळं.

माझा हात आपोआप वर गेला. "सर, ज्याला मोजायचं त्याला आदल्या दिवशी कळवलं तर?"

सर म्हणाले, "मग तू माणूस मोजत नाहीस. त्याची तयारी मोजतेस."

आणि पुढच्या गणिताकडे वळले. त्यांना काय माहीत, त्या एका वाक्यानं मला काय झालं. शिपाई का फिरला होता, मोटार त्या पहाटे का चालू राहिली, कुणी का हाकललं नाही, सगळं एकदम समोर आलं. साहेबांनी आमचं पाणी मोजलंच नव्हतं. आमची लाज मोजली होती. ती काठोकाठ भरलेली निघाली.

मग मी वहीच्या मागच्या पानावर दोन हांडे काढले. एक भरलेला, एक रिकामा. सरासरी अर्धा हांडा. हा अर्धा हांडा कुणाच्या घरात आहे? कुणाच्याच नाही. वरच्या आळीत तो भरून वाहतोय, गुरं धुतली जातायत, अंगणात सडा पडतोय. आमच्याकडे कोरडा. दोघांची बेरीज करून निम्मं केलं की आम्ही कागदावर अर्धे भरतो. ही काही जादू नाही. शाळेतला भागाकार आहे. तो कुणी केला आणि कुणाला कुणाबरोबर जोडून केला, एवढंच बघायचं. घरं ओळीनं उभी करा, सगळ्यात कमी पाण्याच्या घरापासून सगळ्यात जास्तीच्या घरापर्यंत, आणि मधल्या घरात जाऊन टिचकी मारा. मग बघा कसला आवाज येतो.

हे मला शिकवलं जात होतं आणि मी मागच्या बाकावर बसून पास होण्याचा विचार करत होते. पत्रकात मी 'अन्याय' लिहायचे. अन्याय हा शब्द भाऊंना घाबरवत नव्हता. तो ते स्वतःच्या भाषणातही वापरायचे.

घरी आले आणि बायकांना म्हटलं, भिंतीवर कोळशानं रेघ मारायची. एक हांडा आणला, एक रेघ. गेलात आणि मोटार बंद मिळाली, तर फुली. कुणाला सांगायचं नाही, कुणासाठी जास्त आणायचं नाही. रोजच्यासारखं.

मावशी म्हणाली, "आते भिताड काळं करीसन पानी ई का?"

"नई ई," मी म्हटलं. "पण पुढल्या वेळी भाऊ हसनार नई."

रेघा वाढत गेल्या. फुल्या जास्त वाढल्या. पहिल्या-पहिल्यांदा बायकांना फुली मारायची लाज वाटायची. रिकामं परत आलो हे आपल्याच भिंतीवर कशाला लिहायचं? मग सवय झाली. मग चढाओढ झाली. चुलीपुढं बसून एकमेकींच्या भिंती बघायच्या. आणि बघता बघता एक गोष्ट बायकांनीच काढली, मी नाही. मोटार कधी चालू असते? भाऊंच्या बागेत खुरपणीला जायचं असतं तेव्हा. फुल्या कधी पडतात? आपण दुसऱ्याच्या कापसात वेचणीला गेलो की. कापसात मजुरी जास्त मिळायची. तरी भाऊंचा निरोप आला की जावं लागायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी मोटार बंद.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे आहे. एक गोष्ट घेताना जी दुसरी सोडावी लागते, ती तिची खरी किंमत. फुकट पाणी. कापसातली जास्तीची मजुरी सोडून भाऊंच्या केळीत वाकायचं, ही त्या फुकट पाण्याची किंमत होती. आमच्या आज्या ती भरत आल्या, आया भरत आल्या, आणि वरून उपकार मानत आल्या. ग्रामसभेत भाऊ 'फुकट' म्हणाले तेव्हा आम्ही माना खाली घातल्या होत्या. मला अजून कळत नाही, मी जास्त कशानं लाजले, त्या दिवशी गप्प बसले म्हणून, की त्या दिवसापर्यंत मीही त्याला फुकटच समजत होते म्हणून.

फेरपाहणीचा अर्ज दिला. भिंतींचे फोटो लावले. आधी न कळवता या, असं लिहिलं. बरेच हेलपाटे घातले. पाहणी मंजूर झाली, आणि शिपाई पुन्हा गल्लीत फिरला. "उद्या साहेब ई ऱ्हायनात."

आधी कळवूनच.

पहाटे भाऊंची मोटार चालू झाली. अंथरुणातच आवाज ऐकू आला. माय उठली, हांडा उचलला.

मी दारात आडवी उभी राहिले. "माय, भरू नको."

"सर बाजूले. साहेब ई अन् घरमा पानी नई? तुले लाज नई वाटस का?"

"वाटस."

"मंग?"

मी तिला सांगू लागले. ही लाज आपली नाही, ज्यानं पाइप नाल्यावर थांबवला त्याची आहे, असं काहीतरी. माय मध्येच म्हणाली, "हाई तू पत्रकमा लिख. माले सांगू नको."

बाहेर मोटार चालू होती. माय हांडा कमरेवर घेऊन उभी. मग हळू म्हणाली, "तेनी बूट धोया ना. ते पानी मी डोकावर आनेल व्हतं."

तिनं हांडा खाली ठेवला. मग पुन्हा उचलला, दाराबाहेर नेला आणि उंबऱ्यासमोर पालथा घातला. मयताच्या घरी घालतात तसा. समोरून मावशी बघत होती. तिनं तोंडावर हात धरला. मग आत गेली आणि आपलाही हांडा आणून पालथा घातला.

साहेब आले तेव्हा भिलाटीच्या दारादारात हांडे पालथे होते. सोबत भाऊ होते. एक म्हातारी कुठेतरी रडत होती, तिला खरंच वाटलं होतं कुणी गेलं. भाऊ म्हणाले, "हाई काय अभद्र लाई दिधं तुमी?"

बुटांना चिखल होता. साहेबांनी पाय बघितले, मग माझ्याकडे. ओळखलं बहुतेक. "पाणी आण गं जरा."

मी हलले नाही. माय पुढे झाली. पदर डोक्यावर होता, कपाळाच्या वर. "पानी नई शे, साहेब."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं दारात आलेल्या माणसाला पाणी नाही म्हटलं. तिचा चेहरा मी बघितला. त्यात अभिमान वगैरे काही नव्हतं. ती लाजेनं जळत होती. मीही.

साहेबांनी भिंतीवरच्या रेघा बघितल्या, फुल्या बघितल्या, आणि ग्रामसेवकाला काहीतरी लिहायला सांगितलं. काय ते आम्हाला दाखवलं नाही. पाइप अजून नाल्यापाशीच आहे. भाऊंनी त्या दिवसापासून मोटारीला कुलूप लावलंय. बायका आता लांबच्या विहिरीवर जातात, आणि मजुरी जिथं जास्त तिथं जातात. वरच्या आळीत म्हणतात, भिलाटी माजली, दारात आलेल्याला पाणी विचारत नाही.

नाही विचारत. भिंतीवरच्या रेघा पुसणार नाही, दर पावसाळ्यानंतर पुन्हा ओढू. तुमच्या सरासरीत आम्हाला कुणाच्याही हांड्याला जोडून मोजू देणार नाही. कुठलाही साहेब आला, सांगून आला, न सांगता आला, तरी त्याला आमचं घर दिसेल ते रोजचंच. नाला ओलांडून नळ येईल तेव्हा पहिला तांब्या माय पिईल. तोपर्यंत हांडे दारात पालथे राहतील, आणि ज्याचे बूट मळतील त्यानं ते मळकेच घेऊन जावेत.