खसखशीचा वाफा

आपोआप उगवलेलं रोप दोन पानांवर असतानाच ओळखणं ही आमच्या बाबांची खास मिजास. आदल्या वर्षी गळलेल्या बियांतून दर हिवाळ्यात वाफ्यात काय काय वर येतं, आणि बँकेतून रिटायर झाल्यापासून बाबा शेजारी खुर्ची टाकून त्याची हजेरी घेतात: ही फ्लॉक्स, ही पिटुनिया, हे नुसतं तण. कॉलनीतले लोक मोबाइलवर रोपांचे फोटो घेऊन त्यांच्याकडे येत. बाबांनी निकाल दिल्याशिवाय एकही रोप उपटायचं नाही, हा घरातला कायदा.

गेल्या जानेवारीत, एका रविवारी दुपारी पाणी घालताना मी पॉपीपाशी थबकले. आमच्या लाल पॉपीची पानं कातरलेली आणि केसाळ असतात. तिच्यात मिसळून वाढलेली काही रोपं मात्र निळसर, गुळगुळीत होती, पानं कोबीसारखी मोठी आणि खोडाला बिलगलेली. कळ्या उमलायच्या बेतात आल्या होत्या. अशी शेतंच्या शेतं मी मंदसौरच्या रस्त्यावर बसमधून पाहिली होती. मोबाइलवर फोटो ताडून पाहिले. ती अफू होती.

लायसनशिवाय अफू लावणं गुन्हा आहे हे माळव्यात पोराटोरांनाही ठाऊक असतं. त्यात आमच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू पोलीस, आणि गाव मंदसौरकडचं, म्हणजे अफूची शेतं बघतच वाढलेला. तो ट्रेनिंगला गेला होता म्हणून इतके दिवस निभावलं, आणि नेमका त्याच दिवशी परतणार होता. वर जायचा जिना वाफ्याला लागूनच. माणूस सज्जन, पण पाहिल्यावर त्यानं तरी डोळेझाक कशी करावी? जन्मभरात एक डाग लागू न दिलेले बाबा मला ठाण्यातल्या बाकावर बसलेले दिसायला लागले.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. आईनं आठवून सांगितलं की दिवाळीत अनारशांची खसखस उरली होती, तिला मुंग्या लागल्या, आणि खायची वस्तू कचऱ्याच्या गाडीत टाकायला मन धजेना म्हणून तिनं ताट वाफ्यात झटकलं होतं. चिमण्या खातील असं वाटलं म्हणाली. मल्हारगंजच्या बाजारातून मुद्दाम आणलेली ताजी खसखस होती ती. चिमण्यांनी कृपा केली नाही, आणि अफूचं बी तर तेच.

बाबा खुर्चीवर उन्हात बसले होते. मी सरळ सांगितलं, "बाबा, ही पॉपी नाहीये. अफू आहे. आत्ताच्या आत्ता उपटते मी."

"हात मत लगाना," बाबा म्हणाले. "गेल्या सालची लाल पॉपी आहे ती. दोन पानांवर पहचानली होती मी."

मग माझं डोकं फिरलं. मी खसखशीचं सांगितलं, कायद्याचं सांगितलं, मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी तो हातानं बाजूला सारला आणि खुर्ची आणखी वाफ्याजवळ ओढून पहाऱ्याला बसल्यासारखे बसले. हट्टीपणात आम्ही दोघं सारखेच, त्यामुळे कुणीच मागे हटेना. तेवढ्यात आई बाहेर आली. भाडेकरूचा फोन आला होता. स्टेशनवर उतरलोय, जरा पाण्याची मोटर लावून ठेवा, असं म्हणत होता.

त्यांना खोटं पाडायचंच म्हणून मी अगदी समोरच्या रोपाकडे बोट दाखवलं. निळसर पानावर एक पांढरं फुलपाखरू पंख मिटून बसलं होतं. "त्या पानावर काय आहे सांगा," मी म्हटलं.

बाबा पुढे वाकले. "काय असणार? पान आहे," म्हणाले.

माझा राग तिथल्या तिथे उतरला, आणि त्याच्या जागी वेगळीच भीती आली. बाबा म्हणायचे, हल्ली पेपरची छपाई बिघडलीय. लोकांना म्हणायचे, फोटो साफ नाही, दुसरा काढून आणा. आम्ही ते खरं मानत आलो होतो. मी आईकडे पाहिलं तर ती खाली बघत होती.

मी बाबांचा हात धरला, आधी लाल पॉपीच्या खोडावर ठेवला, मग शेजारच्या रोपावर. एक खरखरीत, एक गुळगुळीत. त्यांनी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं. मग खुर्चीवरून उठले, गुडघे टेकले आणि म्हणाले, "सरक."

ते खोडावर बोट फिरवायचे, गुळगुळीत लागलं की मुळासकट ओढायचे. मी रोपं बादलीत कोंबत होते, आईनं वरून धुण्यातली ओली चादर टाकली आणि बादली मागे नेली. बाबांचा हात माझ्या डोळ्यांपेक्षा भराभर चालत होता. शेवटच्या एका रोपाशी तो थांबला.

"बोटं बधिर झाली. ही कोणती, तू बघून सांग," ते म्हणाले.

आजवर त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. "लाल आहे बाबा, राहू द्या," मी म्हटलं.

त्याच वेळी फाटक वाजलं. भाडेकरू खांद्यावरची बॅग सावरत जिन्यापाशी आला आणि उकरलेली माती बघून थांबला. "क्या लगा रहे हो अंकलजी?"

बाबांनी आवाजाच्या रोखानं मान वर केली.

"लगा नहीं रहे भिया, निकाल रहे हैं," ते म्हणाले. "गलत पौधे रह गए थे. अब मुझे दिखता नहीं ना."