राईचा कौल

मी सांगलीकडची, कृष्णाकाठच्या बागायती मुलखातली. हळद आणि ऊस बघत वाढलेली. लग्न होऊन मेढ्याच्या वरच्या डोंगरात आले, तेव्हा माहेरच्या सगळ्यांनी माझी कीव केली. नवरा पलटणीत, सासर डोंगराच्या उतारावर आणि ताटात नाचणीची भाकरी. मला स्वतःची कीव कधी आली नाही. राग मात्र वरचेवर यायचा. तो माझा लहानपणापासूनचा आजार आहे.

सासरी पहिला राग आला तो सरपणावरून. गावाच्या डोक्यावर देवीची राई होती. जांभूळ, हिरडा, अंजन आणि चार माणसांच्या कवेत मावणार नाहीत असे आंबे. खाली वाळक्या काटक्यांचा खच पडलेला, आणि आमच्या चुलीत ओलं लाकूड. पहिल्याच महिन्यात मी राईत शिरले, चांगली मोठी मोळी बांधली आणि मोठ्या तोऱ्यात अंगणात आणून टाकली. सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. मोळी बघून त्यांचा हात परातीतच थांबला.

"कुटनं आनलीस?"

"राईतनं. नुसती कुजत पडल्यात तिथं."

"कुजू देत. देवीची हायेत ती. जा, हुती तिथं टाकून ये."

त्या माझ्यामागोमाग राईत आल्या. मला चपला बाहेर काढायला लावल्या, मोळी सोडून काटक्या विखरून टाकायला लावल्या आणि वर देवीपुढे नारळ फोडून घेतला. राईतलं पानही बाहेर न्यायचं नाही, पडलेलं झाड उचलायचं नाही, शिकार करायची नाही. राईभोवतीच्या दगडी गडग्याच्या बाहेर उगवेल ती भारंगी आणि ती अळंबी आपली, आतलं सगळं देवीचं. मला हा निव्वळ खुळेपणा वाटला. पुढे चार महिने मी धुरानं डोळे चोळत देवीला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

मग उन्हाळा आला. पावसाळ्यात जिथं आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, त्या डोंगरावर चैत्रात प्यायला पाणी नसतं, हे मला लग्न ठरवताना कुणी सांगितलं नव्हतं. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका हंडे घेऊन पार खाली नदीपर्यंत उतरायच्या. आमच्या गावाला ती पायपीट नव्हती. राईच्या पायथ्याशी, मुळांच्या खालून एक झरा यायचा. अंगठ्याएवढी धार, पण वैशाख सरेपर्यंत तुटायची नाही. बहात्तरच्या दुष्काळातही तो आटला नव्हता, असं गावात सांगत.

हंडा भरायला वेळ लागायचा. तिथं बसल्या बसल्या मला माहेरचा ओढा आठवला. माझ्या लहानपणी त्याच्या दोन्ही काठांना जांभळी आणि करंज होते आणि ओढा उन्हाळ्यापर्यंत वाहायचा. मग ज्यानं त्यानं ऊस अगदी काठापर्यंत नेला. झाडं गेली. आमचीही गेली, वडिलांनीच पाडली. काही वर्षांत ओढा संक्रांतीलाच कोरडा पडायला लागला. वडिलांना त्याचं काही वाटलं नाही, कारण नदीवर पाणी खेचायचं इंजिन होतं. इथं नदी पार डोंगराखाली, आणि इंजिन कुठलं? त्या दिवसापासून मी देवीला शिव्या देणं बंद केलं. देवीचं मला फारसं कळत नव्हतं, झऱ्याचं कळत होतं.

दोन-तीन वर्षांनी जत्रेला आलेल्या आमच्याच गावच्या मुंबईकर मंडळींनी विषय काढला. शेजारच्या गावात स्लॅबचं देऊळ झालं आणि आपली देवी अजून पत्र्याखाली, ही त्यांना लाज वाटत होती. नवं देऊळ उभं करायची जबाबदारी माझ्या सासऱ्यांनी उचलली. गावात त्यांचा शब्द मोठा. डोंगराखालचा एक ठेकेदार गाठला गेला. त्यानं देऊळ बांधून द्यायचं आणि बदल्यात राईतली झाडं न्यायची, असं ठरलं.

आमच्याकडे असं काही करायचं तर देवीला कौल लावतात. गुरव दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दगडाला दोन बाजूंना चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पुरुषांनी प्रश्न विचारला, "आई, तुजं नवं देऊळ बांधावं म्हंतो. तुजी मर्जी हाय का?" उजवी पडली. पडणारच. नवं घर कुणाला नको असतं? पण त्या घरापायी काय मोडणार आहे, हे तिला कुणी विचारलंच नाही.

गावकरी अगदीच भोळे नव्हते. आधी चौथरा आणि खांब उभे राहू देत, मग झाडं, असं त्यांनी ठेकेदाराला बजावलं होतं. पण सेंटरिंगच्या फळ्यांना लाकूड हवं म्हणून दोन जांभळी लगेच पडल्या. एकीवर शेकरूचं घरटं होतं. ते शेकरू दिवसभर शेजारच्या आंब्यावर खालीवर पळत ओरडत होतं. झऱ्यावर आलेल्या बायका मान वर करून बघायच्या आणि हंडा उचलून निघून जायच्या. कुणी काही बोलायचं नाही. त्या गप्प बसण्याचा मला शेकरूच्या ओरडण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

चार दिवसांनी देवळापुढे गाव जमलं, तेव्हा मी बायकांच्या घोळक्यातून पुढे झाले. पदर सारखा केला एवढीच मर्यादा पाळली.

"आवं मामंजी, तुमी देवीला अर्धंच इचारलंय. देवळाचं इचारलं, झाडांचं न्हाई. झाडं गेली तर झरा जाईल. ते पन इचारा."

सासरे माझ्याकडे न बघता म्हणाले, "बायांनी घरला जावा."

गुरव म्हातारा होता आणि मनानं सरळ. तो म्हणाला, "पोर म्हंती ते खोटं न्हाई. इचारायला काय जातंय?"

पुन्हा कळ्या लावल्या. या वेळी प्रश्न नीट विचारला गेला, झाडांसकट आणि झऱ्यासकट. मी अगदी निर्धास्त होते. झाडं तिची, पाणी तिचं, ती माझ्याच बाजूनं बोलणार याबद्दल मला शंका नव्हती. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी कळी सुटली आणि खाली आली. देवीनं झाडं तोडायला सांगितलं होतं.

पुरुषांनी चांगभलं केलं. माझी कानशिलं तापली आणि तोंडातून निघून गेलं, "मग देवीचं चुकलं."

 आजही गावातली जुनी माणसं ते वाक्य दबक्या आवाजात सांगतात. मला ते बोलल्याचा पश्चात्ताप तेव्हा झाला नाही, नंतरही झाला नाही. सासरे उठले आणि चारचौघांत म्हणाले, "आजपासनं हिच्या हातचं पानी मला चालनार न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून चौथऱ्याचं सिमेंटचं काम सुरू व्हायचं होतं. सिमेंट कालवायला पाणी लागतं आणि नंतर कितीतरी दिवस त्यावर पाणी मारावं लागतं. ते झऱ्यावरून डोक्यावर वाहून वर न्यायचं होतं. देवीची सेवा म्हणून प्रत्येक घराला हंडे लावून दिले होते. घराला म्हणजे घरातल्या बाईला, हे सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती.

मी सकाळी झऱ्यावर गेले आणि रिकामा हंडा पालथा घालून त्यावर बसले. म्हटलं, घरचं पाणी नेईन, देवळाचं नेणार नाही. बायका घाबरल्या. एक म्हणाली, देवीचा कोप होईल, पोरं आजारी पडतील. दुसरी म्हणाली, तुझा नवरा लांब आहे, आमचे घरात आहेत. तिचं खरं होतं.  तेवढ्यात सासूबाई येताना दिसल्या. आता या मला सगळ्यांसमोर हाताला धरून ओढत नेणार, असं वाटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. हंडा भरला, चुंबळीवर ठेवला आणि देवळाची वाट सोडून घराच्या वाटेला लागल्या.

"आवं आत्ती, देवळाचं पानी?" कुणीतरी विचारलं.

त्या वळल्या. "देवीनं झाडं तोडा म्हनून सांगितलं. बायांनी पानी भरा म्हनून कुटं सांगितलं? ते तर कुनी इचारलंच न्हाई."

एक जण हसली. मग दुसरी हसली. काटकी न उचलू देणारी ती बाई देवीचा शब्द खाली पडू देणार नव्हती, पण त्यापुढचा एक शब्दही तिच्या तोंडी घालू देणार नव्हती. त्या दिवशी देवळाकडे एकही हंडा गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पुरुषांनी आधी दमदाटी केली. दोघी-तिघींना मार बसला, हेही लिहून ठेवलं पाहिजे. हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. पण पाणी गेलं नाही. मग पुरुषांनी कावडी काढल्या. निम्मं पाणी वाटेत सांडायचं, वर पोचेपर्यंत धाप लागायची आणि तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला शेतातलं काही ना काही काम आठवलं. ठेकेदार म्हणाला, आधी झाडं द्या. गाव म्हणालं, आधी देऊळ. वळीव आला आणि त्याच्या सिमेंटच्या पोत्यांचे दगड झाले. तो शिव्या देत निघून गेला. अर्धवट चौथरा तसाच राहिला.

सासऱ्यांनी आपला शब्द पाळला. स्वतःची कळशी घेऊन ते रोज झऱ्यावर जायचे, स्वतःपुरतं पाणी आणायचे. गुडघे धरलेले होते. मधे दोनदा बसायचे. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? नवऱ्याचं पत्र आलं, म्हाताऱ्या माणसाची माफी माग आणि मिटव. मी उत्तर दिलं, सुट्टीवर आलात की त्याच झऱ्याचं पाणी प्याल, मग सांगा मला माफी मागायला.

पुढच्या जत्रेला मुंबईकर पुन्हा आले. नवा ठेकेदार बरोबर आणला होता. गाव जमलं. सगळ्यांनी सवयीनं सासऱ्यांकडे बघितलं. 

"पानी कोन भरनार?" त्यांनी विचारलं.

"बाया भरतील की," एक मुंबईकर म्हणाला.

"बाया न्हाई भरनार. आन म्या वरीसभर भरतुया, मला इचारा. रोज बसतुया तिथं. मुळांतनं पानी कसं येतंया, ते रोज बघतुया. झाडाला हात लावायचा न्हाई."

"पन कौल? देवीनं दोनदा उजवा दिलाय."

सासरे कण्हत उठले. मी बायकांत उभी होते. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "त्यो कौल सुनंनं न्हाई, म्या मोडला म्हना. काय पाप लागंल ते माज्या डोस्क्यावर."

 ठेकेदार दुपारच्या गाडीनं खाली गेला.

मला वाटलं, आता तरी घरी येऊन ते माझ्याकडे तांब्या मागतील. मी भरून ठेवलाही होता. ते आले, कोपऱ्यातली आपली कळशी उचलली आणि झऱ्याच्या वाटेला लागले. पुढे जगले तेवढी वर्षं ते माझ्या हातचं पाणी प्यायले नाहीत. देवीचा शब्द त्यांनी मोडला, स्वतःचा नाही. मीही माफी मागितली नाही.