धड्यातला दुसरा आवाज

लोणावळ्याच्या त्या कॉलेजात ई-शिक्षणाचं पाच वर्षांचं धोरण ठरत होतं आणि समितीच्या प्रमुख होत्या अर्थशास्त्राच्या यशोधरा मॅडम. कोणते विषय ऑनलाइन शिकवायचे, रेकॉर्डिंग कुणी करायचं, पवनानगरकडच्या रेंज नसलेल्या पोरांपर्यंत ते पोचवायचं कसं, सगळं मॅडमनी झपाट्यानं लिहून काढलं. बाई कामाला वाघ. त्यातच एक कलम घातलं: पाठात शिक्षकाशिवाय दुसरा आवाज नको, तसे जुने पाठ काढून टाकावेत. लिहिताना फार शहाणपणाचं वाटलं. मग ध्यानात आलं, की या कलमानं पहिली गच्छंती होणार ती आपल्याच आईची.

त्याचं असं झालेलं. लॉकडाऊनमध्ये मॅडम मळवलीच्या घरात मोबाईल उभा करून शिकवायला बसल्या आणि तोंडातून शब्द फुटेना. समोर वर्ग नाही, चेहरे नाहीत, शिकवायचं कुणाला? शेवटी आईला, शालनबाईंना, मोबाईलच्या मागे बसवलं. शालनबाई चौथी शिकलेल्या, जन्मभर मुंबईकरांच्या बंगल्यांची राखण केलेल्या. पदर सावरून बसायच्या, "व्हय, व्हय" करायच्या आणि ऐन रंगात अडवायच्या, "थांब. न्हाई समाजलं. भाताचा भाव वाढला, तर लोक भात खायाचं सोडत्यात का?" मॅडम वैतागायच्या, पण पुन्हा सांगायच्या. काय दिवस होते ते! बाहेर चिटपाखरू नाही आणि घरात मायलेकींचं मागणी-पुरवठ्यावरून भांडण. पोरांना तेच पाठ आवडायचे. आमच्या मनातलं आजी विचारते, म्हणायची.

गेल्या वर्षी शालनबाई गेल्या. त्यांचा आवाज उरला तो या पाठांतच.

"माझंच कलम मला नको झालंय," बैठकीत मॅडम म्हणाल्या आणि कारणही सांगितलं.

प्राचार्य आदिनाथ सर शिस्तीचे, पण कोरडे नव्हेत. "आज तुमच्या आईंचा आवाज ठेवला, तर उद्या कुणाचा कुकर, कुणाचा कुत्रा. आधी ऐकू तर या."

संगणक विभागातल्या गौरवनं एक पाठ लावला. सुरुवातीला सगळे हसले. मग हसू ओसरलं, कारण शालनबाई अडवतील तसतसं मॅडमचं शिकवणं सोपं होत चाललेलं. पाठ संपला.

"राहू देत हे पाठ," सर म्हणाले. "उलट यापुढे प्रत्येक शिक्षकानं समोर एक न समजणारं माणूस बसवायचं, असं लिहा धोरणात."

मॅडमचा जीव भांड्यात पडला. गौरव बंद करायला वाकला, पण रेकॉर्डिंग चालूच होतं. धडा संपला की पोरं बंद करत, त्यामुळे पुढचं कुणी ऐकलंच नव्हतं, खुद्द मॅडमनीही नाही. रेकॉर्डिंगमध्ये मॅडम मोबाईल बंद न करताच आत गेल्याची चाहूल लागली आणि दारातून शेजारच्या सरूबाईंचा आवाज आला, "शालन, रोज काय गं अडवतीस लेकीला? लयच अवघड हाय व्हय?"

"कुटलं अवघड? समदं समाजतंय मला. पर मी अडवलं न्हाई, तर पोरगी पान्याचा घोट घ्यायाला सुदिक थांबत न्हाई. घसा बसतुय तिचा."

यशोधरा मॅडम तिथंच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडल्या. कुणी त्यांना थांबवलं नाही. बऱ्याच वेळानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "सर, न समजणारं माणूस नको. माया असलेलं माणूस बसवायचं, असं लिहू या. पण ते धोरणात कसं लिहायचं, ते मला येत नाही."