भिंतीवरचा थिरथिरा

१४ डिसेंबर, रविवार. परसात हुलगे पाखडायला बसले होते. ऊन भिंतीवरून खाली उतरलं की मी सूप घेते. त्याआधी बसलं तर बोटं आखडतात आणि खडे हाताला लागत नाहीत.

समोर बाजेवर घोंगडी पांघरून सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. ऐंशीला टेकलेत. सगळी हयात धारूरच्या डोंगरात मेंढरांमागे गेली. तीन वर्षांपूर्वी गुडघे साथ देईनात म्हणून मेंढरं विकली. आता दोन शेळ्या आहेत, त्या मी बघते.

थंडीत सकाळचा हा एक तास आम्ही दोघं पाखरं बघतो. मला रिकामं बसवत नाही, म्हणून हातात काम असतं. पण खरं सांगायचं तर ते काम त्या तासासाठीच राखून ठेवलेलं असतं. उडालेली फोलकटं आणि किडके दाणे टिपायला आधी चिमण्या येतात. मग सातभाई, भांडतच. साळुंक्या पाहुण्यांसारख्या बिचकत नाहीत, घर त्यांच्या नावावर असल्यासारख्या चालत येतात. मोरीच्या ओलीत धोबी शेपूट आपटत फिरतो. तो फक्त हिवाळ्यापुरता. कोण कुणाला हुसकतं, कोण दाणा उचलून लिंबावर नेतं, हे बघताना डोक्यातली कामांची रांग तेवढा वेळ थांबते. यापेक्षा जास्त मला त्यातलं सांगता येणार नाही.

पाखरांची नावं मामांनीच शिकवली. मी मान वर करायच्या आत ते सांगायचे, लिंबावर कोतवाल आलाय. मी शोधायचे आणि तो असायचाच. मला त्याचं फार कौतुक. गल्लीत ज्याला त्याला सांगायचे, या वयात आमच्या मामांची नजर घारीची आहे. गेल्या साली गावात डोळे तपासायला डॉक्टर आले, तेव्हा नवरा म्हणाला, त्यांना दाखवू. मीच नको म्हटलं. माझ्या आधी ज्याला पाखरू दिसतं त्याचे डोळे काय तपासायचे? बशीत ओतलेला चहा मात्र धोतरावर जायचा. पारावर जाणंही त्यांनी सोडलं होतं. मी त्याला वय म्हणत होते.

त्या रविवारी शेजारचं मांजर कुंपणातून आत आलं आणि सगळी पाखरं एकदम उडाली. मी चप्पल फेकून त्याला हाकललं. परस गप्प झालं. थोड्या वेळानं दगडी भिंतीवर थिरथिरा येऊन बसला. चिमणीएवढाच, वरून काळा, पोट विटकरी, शेपटी सारखी थरथरत. थंडी सुरू झाली की येतो, ऊन तापायला लागलं की जातो. मामांचा हा फार लाडका. दिवाळीपासून विचारत होते, औंदा तो कावून आला नाही म्हणून. हे एकच पाखरू गेले दोन हिवाळे त्यांच्याआधी मला दिसायचं, आणि मला त्याचा तोरा होता.

मामांचं तोंड भिंतीकडेच होतं. पाखरू दहा हातांवर, आवाज न करता बसलेलं. मी वाट बघितली. ते काही बोलेनात.

"मामा, भिंतीवर कोण हाय?"

त्यांनी मान जराशी कलती केली. बघायला कुणी मान तशी करत नाही.

"कुनी न्हाई," म्हणाले.

मी सूप खाली ठेवलं. विचारलं, तारेवर होले किती? दोन, ते लगेच म्हणाले. होले घुमत होते खरे, पण शेजारच्या शेवग्यात. आमच्या तारेवर माझी साडी वाळत होती.

मग मी सरळच विचारलं, कधीपासून दिसत नाही. त्यांनी घोंगडी गुडघ्यांवर ओढली आणि शेळ्यांना पाणी पाजलं का, असं विचारलं. मी पुन्हा तेच विचारलं. तेव्हा कळलं की मेंढरं गुडघ्यांपायी विकलीच नव्हती. पुढ्यातलं कोकरू न दिसून पायाखाली आलं, त्याच आठवड्यात त्यांनी गिऱ्हाईक बघितलं. आता त्यांना उजेड आणि सावली तेवढी कळते, माणूस आवाजावरून. डोळ्यांचं ऑपरेशन केलं तर आहे तेवढा उजेडही जाईल, ही भीती. मला राग आला. घरात सांगायला काय झालं होतं, म्हटलं.

"तूच गल्लीत सांगत व्हतीस, म्हाताऱ्याची नजर घारीची हाय. मला बी बरं वाटायचं." आणि वर म्हणाले, "आन् तीन सालं तुज्या म्होरं बसतोय, तुला दिसलं न्हाई. तुजी बी नजर दाखवून घे."

मी सूप परत उचललं. उरलेले हुलगे पाखडून संपवले, कारण ते संपवायचेच होते, आणि तेवढ्यात ठरवून टाकलं. उद्याच बीड गाठायचं.

दिवसभर त्यांनी सबबी काढल्या. थंडी लई आहे. संक्रांत होऊ दे. शेळी गाभण आहे. जेवताना म्हणाले, कान आहेत तोवर पाखरं भेटतात, डोळ्यांवाचून काय अडलंय? मी म्हटलं, थिरथिरा सकाळपासून दोनदा येऊन गेला. त्यांचा घास हातातच राहिला. कुठं बसला, नर होता का मादी, अंगानं भरलाय का, एकामागून एक विचारायला लागले.

"मी न्हाई सांगनार," म्हटलं. "डोळं करून घ्या आन् बघा."

त्यानंतर सबब निघाली नाही. नवरा रानातून आल्यावर त्याला सगळं सांगितलं, गेल्या सालची संधी माझ्यामुळं गेली हेही सांगितलं. तो काहीतरी बोलणार होता. काय बोलायचं ते आम्ही परत आल्यावर बोल, उद्या शेळ्या तुझ्याकडे, असं म्हणून मी भाकरी थापायला बसले.

दुसऱ्या दिवशी वडवणीमार्गे जाणारी पहिली गाडी धरली. डोळ्यांच्या दवाखान्याचं दार उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर होतो, आमच्या पुढं तिघंच. दार उघडेपर्यंत मागं गर्दी झाली. केसपेपर काढायला मी उठले. तिथल्या गलक्यात कुठला आवाज कुणाचा, हे मामांना उमगेना. त्यांनी माझा हात सोडला नाही, म्हणून त्यांना सोबत घेऊनच खिडकीशी गेले आणि आतल्या बाईला सांगितलं, दोन्ही डोळे दाखवायचेत.